जुन्या पाइपाला नवा जोड: आधी माप, मग सोल्युशन

दुकानात जाऊन “पाऊण इंची टी द्या” म्हटलं की पाऊण इंची टी, म्हणजे पाइपातनं बाजूला फाटा काढायचा तीन तोंडांचा जोड, मिळतो. तो घरातल्या पाऊण इंची पाइपावर बसेलच असं मात्र नाही. प्लास्टिकच्या पाइपांत ‘पाऊण इंची’ म्हणून खपणारे निदान तीन प्रकार आपल्या बाजारात आहेत आणि तिघांचं बाहेरचं माप वेगळं आहे. माझी कामाची सगळी वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेली, त्यामुळं कुणी नुसता इंच सांगितला की मी विचारतो, आतला का बाहेरचा? नळाच्या कामात हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि जोड गळायला लागला की खापर सोल्युशनवर, म्हणजे पाइप जोडायच्या डबीतल्या द्रवावर, फुटतं.

आक्काच्या घरी हेच झालं. मंगळवार पेठेतलं घर, गच्चीवरच्या टाकीतनं न्हाणीकडं उतरलेला करड्या रंगाचा जुना पाइप, आणि त्यातनं भाच्याला वॉशिंग मशीनसाठी पाणी काढायचं होतं. लक्ष्मीपुरीतनं तो नवाकोरा पांढरा टी, कॉक, सोल्युशनची डबी असं सगळं घेऊन आला. टी पाइपावर चढवून बघितला तर खुळखुळा.

“मामा, सोल्युशन जरा दाबून लावलं तर धरंल की!”

“सोल्युशन भराव घालायला नसतंय, बाळा.”

सोल्युशन चिकटवत नाही, विरघळवतं. पाइपाचा बाहेरचा पापुद्रा आणि फिटिंगचा, म्हणजे टीसारख्या जोडाचा, आतला पापुद्रा ते मऊ करतं. दोन्ही एकमेकांत दाबून बसले की एकजीव होतात, द्रावक उडून जातं आणि मागं प्लास्टिकच राहतं. पण त्यासाठी दोन्ही अंगाला अंग लावून बसायला पाहिजेत. मधे दीड-पावणेदोन मिलिमीटरची फट असली तर तिथं नुसत्या सोल्युशनची साय धरते. ती सुकताना आकसते, आणि पंप चालू-बंद झाल्याच्या धक्क्यानं एक दिवस टी हातात येतो.

म्हणून पहिलं काम माप. ही मापं एका कागदावर उतरवून घ्या, सगळी बाहेरच्या व्यासाची आणि मिलिमीटरमध्ये आहेत:

करडा पीव्हीसी, शेतीत वापरतात तो आणि जुन्या घरांतून सर्रास टाकलेला, भारतीय मानक आयएस ४९८५ प्रमाणं: अर्धा इंची २०, पाऊण इंची २५, एक इंची ३२.

पांढरा जाड यूपीव्हीसी, शेड्यूल ४० किंवा ८० लिहिलेला, अमेरिकन मानक एएसटीएम डी १७८५ प्रमाणं: अर्धा २१.३, पाऊण २६.७, एक ३३.४.

पिवळसर सीपीव्हीसी, गरम पाण्याला चालणारा: अर्धा १५.९, पाऊण २२.२, एक २८.६.

एक इंचापर्यंत पांढरा पाइप करड्यापेक्षा बाहेरून थोडा मोठा, पण दीड इंचाला उलटं होतं: करडा ५०, पांढरा ४८.३. त्यामुळं “पांढरं फिटिंग जरा मोठंच असतं” असा ठोकताळा बांधून चालत नाही.

व्यास मोजायचा व्हर्निअर असेल तर प्रश्नच नाही. मात्र एकाच जागी मोजू नका, पाइप थोडा फिरवून दोन-तीन ठिकाणी मोजा, कारण वर्षानुवर्षं क्लॅम्पात आवळलेला पाइप गोल राहत नाही, अंडाकृती होतो. व्हर्निअर नसेल तर वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी कापा, पाइपाभोवती घट्ट गुंडाळा, जिथं कागदावर कागद येतो तिथं ब्लेडनं दोन्ही थरांवर एकदम खूण करा. पट्टी सरळ करून दोन खुणांतलं अंतर मोजपट्टीनं मोजा. करडा पाऊण इंची असेल तर ते साधारण साडेअठ्ठ्याहत्तर मिलिमीटर येतं, पांढरा असेल तर चौऱ्याऐंशीच्या आसपास, सीपीव्हीसी असेल तर सत्तर. व्यासात पावणेदोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण घेरात तो सव्वातीनपटीच्या जवळपास वाढून पाच मिलिमीटरचा होतो आणि शाळेतल्या पट्टीवरसुद्धा कळतो. आक्काकडं पट्टी साडेअठ्ठ्याहत्तरला थांबली, म्हणजे पाइप २५ चा आणि टी २६.७ वाला. पोरगं तिथंच गप्प झालं.

दुसरं, माल कुठला ते बघा. पाइपावरची छपाई शाबूत असेल तर वाचा, पण गच्चीवरच्या पाइपावरची ती उन्हानं कधीच उडालेली असते. अशा वेळी करवतीनं थोडा कीस काढा आणि वाटीभर पाण्यात टाकून बोटानं बुडवा. बुडून तळाला राहिला तर पीव्हीसी किंवा सीपीव्हीसी. परत वर येऊन तरंगला तर एचडीपीई नाहीतर हिरवा पीपीआर, आणि या दोघांवर कुठलंही सोल्युशन काम करत नाही. काळ्या एचडीपीईला आवळून बसणारं कॉम्प्रेशन फिटिंग लागतं, पीपीआरला तापवून जोडायचं यंत्र. पीपीआर असेल तर माणूस बोलवा, ते घरच्या घरी करायचं काम नव्हे.

करडा पाइप निघाला तर कोल्हापुरात अडायचं कारण नाही. ऊसपट्ट्यातलं गाव, शेतीच्या पाइपांची दुकानं हवी तेवढी. सॅनिटरीच्या चकचकीत दुकानात मिलिमीटरचा टी विचारला की पोरगा तोंडाकडं बघतो. शेतीच्या दुकानात “पंचवीसचा टी” म्हटलं की काउंटरवर येतो. आम्हाला तिथं हवा तो मिळाला, तोही फाट्याला अर्धा इंची पितळी आटे बसवलेला.

पितळ्याचा आग्रह का धरायचा तेही सांगतो. नळ, कॉक यांचे आटे धातूचे. ते जर प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत आवळले, आणि वर टेफ्लॉन टेपचे भरमसाट वेढे दिले, तर पाचर ठोकल्यागत प्लास्टिकवर आतून ताण येतो. आवळताना काही कळत नाही. नंतर कधीतरी उभी चीर जाते. प्लास्टिकचे बाहेरचे आटे धातूच्या आत गेलेले चालतात, धातूचे बाहेरचे आटे प्लास्टिकच्या आत शक्यतो नकोत. टेपचे पाच-सहा वेढे पुरतात. आटे आपल्याकडं तोंड करून धरा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळा, म्हणजे आवळताना टेप सुटत नाही. जुने मिस्त्री सफेदा आणि ताग वापरायचे, तो लोखंडी पाइपांचा जमाना होता. तेलकट लपका प्लास्टिकला लावू नका, सीपीव्हीसीला तर नकोच, त्यानं तो तडकतो.

हीच आट्यांची युक्ती जुन्या-नव्याची गाठ घालायलाही कामी येते. समजा जुना पाइप करडा आणि पुढचं सगळं काम तुम्हाला सीपीव्हीसीत करायचंय. मग करड्यावर त्याच्याच मापाचं, त्याच्याच सोल्युशननं आट्यांचं फिटिंग बसवा, सीपीव्हीसीवर त्याचं बसवा, आणि दोघांना आट्यांनी जोडा. आट्यांचं माप दोन्हीकडं सारखंच असतं. पीव्हीसी थेट सीपीव्हीसीत घालून सोल्युशन ओतणारे पाहिलेत, पण मापच जुळत नाही तिथं काय जुळायचं. आणि सोलरच्या किंवा गीझरच्या गरम पाण्याच्या लाइनीत करडा-पांढरा पाइप घालू नका. साधा पीव्हीसी ४५ अंशाच्या पुढं भरवशाचा नाही. सीपीव्हीसी ८२ अंशालाही दाब धरतो, तो त्यासाठीच असतो.

आता खरी गोम. मोकळ्या पाइपाच्या टोकाला फिटिंग लावणं सोपं. चालू लाइनीच्या मधे टी घालणं अवघड, कारण पाइपाची दोन्ही टोकं भिंतीत नाहीतर टाकीला अडकलेली असतात. टीमध्ये पाइप दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दोन-सव्वादोन सेंटिमीटर आत जायला पाहिजे. एका टोकावर टी चढवला की दुसरं टोक आत घालायला ते मागं ओढावं लागतं, आणि ते येत नाही. लोक मग पाइप वाकवून टी कोंबतात. नवा पाइप ते सोसतो, ऊन खाल्लेला जुना पाइप काडकन मोडतो, आणि मोडतो तोही नेमका भिंतीच्या तोंडाशी.

भाचा म्हणाला, “मामा, दोन पाइप सरळ जोडायचा कपलर असतो, त्याच्या आतला मधला कठडा लेथवर काढून देता का? पूर्ण एका बाजूला सरकवायचा, मग परत मधे आणायचा.” डोकं बरोबर चालवलं होतं पोरानं. पण फिटिंगचं आतलं भोक सरळ नसतं, त्याला टेपर असतो. तोंडाशी थोडं मोठं, आत जाईल तसं बारीक. म्हणूनच ते घट्ट बसतं. कठडा काढला तरी पाइप मधेच आवळून थांबणार, आणि सोल्युशन लावलेलं असताना थांबला म्हणजे तिथंच कायमचा.

यावर उपाय युनियन. युनियनचे दोन भाग असतात, मधे सपाट तोंड आणि रबराची ओ रिंग, वरून मोठा नट. नट सोडला की दोन्ही भाग आडवे बाजूला सरकतात, लांबीत मागं-पुढं करावं लागत नाही. दोन्ही बाजू पक्क्या असतील तर टीच्या दोन्हीकडं एकेक युनियन घाला. एका युनियनवर भागतं ते एक बाजू क्लॅम्प सोडून वीतभर बाजूला घेता येत असेल तरच. दुकानदार म्हणेल, “एक पुरे की.” तुमची भिंत त्यानं बघितलेली नाही. आम्ही दोन घातले. पुढं पाइप बदलायची वेळ आली तर टीला हात न लावता सोडवता येईल.

मग असं करायचं. टी, त्याच्या दोन्ही बाजूंना आखूड तुकडे, त्यांच्यावर युनियनचे अर्धे भाग, हे सगळं आधी टेबलावर जोडून टाका. लाइनीला अजून करवत लावायची नाही, घरात पाणी चालू राहू दे. तुकड्यांसाठी त्याच मापाचा नवा पाइप हातभर घ्या. टीचा फाटा ज्या अंगाला यायला हवा तो जोडतानाच बघून घ्या. युनियनचा नट पाइपावर आधी ओवायचा असतो का ते हातातल्या फिटिंगवर बघा. ज्या बाजूला नट येतो त्या बाजूला तो आधी सरकवून मग सोल्युशन लावायचं, कारण सुकल्यावर तो वरून चढत नाही. ओ रिंग काढून बाजूला ठेवा, तिला सोल्युशनचा थेंबही लागता कामा नये. हा संच रात्रभर वाळू द्या. सकाळी युनियनचे उरलेले अर्धे भाग त्याला हातानं लावून पूर्ण संच जुन्या पाइपाला समांतर धरा, पाइप युनियनमध्ये किती खोल जातो ते मोजून मार्करनं दोन खुणा करा. हिशेब कागदावर करण्यापेक्षा वस्तू वस्तूला लावून मापणं केव्हाही बरं.

कापण्याआधी पाइपाची तब्येत बघा. उन्हातला पाइप वरून पांढुरका, खडूसारखा झालेला असतो. करवतीचा कीस सलग, वळीदार निघाला तर जीव आहे. नुसता भुगा आणि टवके उडायला लागले तर त्या पाइपावर जोड घालण्यात अर्थ नाही, सावलीतला किंवा भिंतीजवळचा चांगला भाग सापडेपर्यंत मागं जा, नाहीतर तेवढी पूर्ण लाइनच बदला. कात्रीसारखा पाइप कटर जुन्या पाइपावर वापरू नका. तो चिमटून कापतो आणि टोकाला केसासारखी बारीक चीर पाडतो, ती नंतर वाढत जाते. बारीक दात्यांचं हॅक्सॉ ब्लेड घ्या, पाइपाभोवती कागद गुंडाळून कडेनं रेघ मारा म्हणजे काटकोनात कापलं जातं. चीर दिसलीच तर ती संपते तिथनं अजून दोन इंच पुढं कापा.

पाणी बंद करताना टाकीखालचा कॉक बंद करून खालचे नळ सोडा. जुना कॉक पूर्ण बंद होत नाही, थेंब-थेंब येत राहतं, आणि ओल्या पाइपावर सोल्युशन धरत नाही. टाकी तोटीच्या खाली जाईपर्यंत रिकामी करणं हा सगळ्यात पक्का मार्ग, पण ते दिवस बघून करा. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेच्या पुरात उपसा केंद्रं पाण्यात गेली तेव्हा भरलेल्या टाकीची किंमत सगळ्या शहराला कळली. पावसाळ्यात पाणी चढायला लागलंय आणि तुम्ही टाकी रिकामी करून बसलाय, असं नको. थोडा ठिबका असेल तर पावाचा आतला मऊ भाग गोळा करून पाइपात बोटभर आत सारा. तो ठिबका थोडा वेळ अडवतो आणि नंतर पाणी सोडलं की भिजून विरघळतो. पावाची कड घालू नका, ती जाळीत अडकते.

कापल्यावर टोकाची बर, म्हणजे उठलेली खरखरीत कड, काढा, आतनं अर्धगोल कानशीनं, बाहेरनं सपाट कानशीनं. बाहेरच्या कडेला चॅम्फर, म्हणजे थोडा तिरका उतार, द्या. बिनचॅम्फरची धारदार कड सोल्युशन खरवडत आत ढकलते आणि जोडाच्या तोंडाशी कोरडी जागा सोडते. मग जुना पांढुरका पापुद्रा बारीक पॉलिश पेपरनं हलका काढा, खालचा मूळ रंग दिसेपर्यंतच. जोर लावून घासलं तर माप कमी होतं, आणि इतका वेळ आपण मापासाठीच भांडतोय. कोरड्या स्वच्छ फडक्यानं पुसा, आणि एकदा कोरडं बसवून बघा. पाइप फिटिंगमध्ये एक तृतीयांश ते दोन तृतीयांश सहज जाऊन पुढं आवळला तर जोडी जमली. तळापर्यंत गडगडत गेला तर फिटिंग परत करा. बसवल्यावर पाइपावर खोलीची खूण करा.

सोल्युशन मालाप्रमाणं घ्या: पीव्हीसीला पीव्हीसीचं, सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचं. मागच्या वर्षीची उघडी डबी माळ्यावर असते, तिच्यात काडी घाला. पातळ मधासारखी धार पडली तर ठीक, जेलीसारखा लोळ आला तर फेकून द्या. थिनर घालून पातळ करून चालत नाही. न्हाणीचं दार-खिडकी उघडी ठेवा, बिडी-सिगारेट लांब, जवळ गॅसची शेगडी असेल तर बंद. याची वाफ पेट घेते आणि डोकंही धरतं.

फिटिंगच्या आत पातळ हात, पाइपावर त्याहून सढळ हात, खुणेपर्यंत, सगळीकडनं सारखा. फिटिंगच्या आत जास्त लावलं तर ते तळाशी साचून पाण्याची वाट अडवतं. लगेच, मधे कुणाशी बोलत न बसता, पाइप आत घाला, घालताना पाव वळसा द्या आणि खुणेला टेकवा. आता सोडायचं नाही. टेपरमुळं जोड स्वतःहून मागं सरकतो, म्हणून तीस सेकंद तसाच दाबून धरा. तोंडाशी सगळीकडनं सलग बारीक कड निघालेली दिसली पाहिजे, जास्तीचं पुसून घ्या. एकदा थांबल्यावर “जरा सरळ करतो” म्हणून फिरवू नका, मऊ झालेला पापुद्रा फाटतो. वाकडा बसला असेल तर वाकडा राहू दे, पाणी वाकड्यातनंही जातंय.

लाइनीवरचे युनियनचे भाग असेच बसवा. डबीवर वाळायचा वेळ लिहिलेला असतो, आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत त्याच्या दीडपट धरा. घरगुती कामाला मी रात्रभरच सांगतो, संध्याकाळी जोडा, सकाळी पाणी सोडा. सकाळी संच मधे बसवा, ओ रिंग जागेवर आहे ना बघा, नट हातानं आवळा आणि पान्यानं फार तर पाव वळसा. टाकी सहा मीटर वर असली तरी जोडावर दाब येतो तो चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.६ किलो, नट रगडायची गरज नाही. जिथं प्रेशर पंप आहे तिथं मात्र पंप चालू करून, सगळे नळ बंद ठेवून, जोडाला कोरडा टिश्यू लावून बघा. भिंतीतला जोड असेल तर एक-दोन दिवस उघडाच ठेवा, गिलावा नंतर.

ठिबकलाच तर वरून एम-सील थापू नका. दाबाच्या लाइनीत ते आज थांबवतं, पुढं कधीतरी परत सुरू होतं, आणि मधल्या काळात भिंत ओल धरते. सोल्युशनचा जोड दुरुस्त होत नसतो, कापूनच काढावा लागतो. जुना पाइप २५ चा असेल आणि लगोलग पाणी हवंच असेल तर २५ चा कॉम्प्रेशन कपलर तेवढ्यापुरता घालता येतो. तो काळ्या पाइपासाठी असला तरी बाहेरचं माप तेच आहे. उघड्यावर ठेवा, भिंतीत गाडू नका.

पाणी सोडताना कॉकला मशीनची नळी लगेच लावू नका. कॉकखाली बादली धरून जोरात सोडा. आधी पावाचं पिठूळ पाणी येतं, मग प्लास्टिकचा कीस. जवळच्या नळाची जाळीही काढून तोही वाहू द्या. हा कीस मशीनच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत बसला की मशीन पाणी घ्यायला वेळ लावतं आणि घरचे म्हणतात, मामानं कनेक्शन नीट दिलं नाही. बादलीत कीस यायचा थांबला की नळी लावा.